गुऱ्हाळाचे फोटो : रंग भरपूर आलाय, उजेड कुठे गेला?

चांदीची_पेटी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबणार आहे. थोडक्यात विचारला तर उत्तरही थोडक्यात येईल, आणि मला ते नकोय.

मी कोल्हापुरात गुजरीजवळ, म्हणजे सराफ बाजाराजवळ, बसून दागिन्यांचे फोटो काढते. सात वर्षं हेच काम. हुपरीची पैंजणं, जोडवी, ठुशी, कोल्हापुरी साज. पांढऱ्या पेटीत माल मांडायचा, दोन्ही बाजूंनी दिवे लावायचे, राखाडी कार्ड धरून व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यानं पांढरं कशाला धरायचं ते) पक्का करायचा. चांदीवर पिवळी झाक आली की दुकानदार फोटो परत पाठवतो. त्यामुळे आता कुठलाही फोटो उघडला की त्यातली झाक पुसायला आधी हात जातो.

यंदा गिऱ्हाइकासाठी नाही, स्वतःसाठी काही करायचं ठरवलं. मामाचं गुऱ्हाळ भोगावतीच्या काठाला आहे. लहानपणी सुट्टीत तिथं गेलो की आम्ही पोरं पहाटे गोधडी घेऊन चिपाडाच्या ढिगावर बसायचो. चुलाण पेटलेलं असायचं आणि काहिलीवरची वाफ मधेच केशरी दिसायची, मधेच निळी. डोळे मिटले की मला तो उजेड अजून दिसतो. तोच हवा आहे.

या महिन्यात तीनदा पहाटे गेले. पहिल्यांदा व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला. कॅमेऱ्यानं जाळाचा केशरीपणा निम्मा खाऊन टाकला आणि पत्रे हिरवट दिसायला लागले. दुसऱ्यांदा सवयीनं चुलाणासमोर कार्ड धरलं. सगळं अगदी 'बरोबर' आलं. पाक मातीसारखा, माणसं दवाखान्यात उभी असल्यासारखी. तिसऱ्यांदा वैतागून दिवसाच्या उजेडाची सेटिंग ठेवली, ५५०० केल्विन. सगळा फोटो केशरी. भिंत केशरी, धोतर केशरी, वाफ केशरी, हंडाही केशरी. मला तो फार आवडला, म्हणून मोठी प्रिंट काढून शाहू स्मारकच्या कलादालनात आमच्या ग्रुपच्या प्रदर्शनात लावली.

तिथं एक वयस्क चित्रकार बराच वेळ त्या प्रिंटसमोर उभे राहिले. मग एवढंच म्हणाले, "रंग भरपूर आहे पोरी. उजेड कुठाय?"

गेले दहा दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाही. त्यांचं बरोबर आहे हे कळतं, पण म्हणजे नेमकं काय करायचं ते कळत नाही. माहितीसाठी: ३५ एमएम लेन्स, एफ २, १/१००, आयएसओ ३२००. रॉ फाइल्स आहेत. वर पत्रा, पूर्वेला मोठं दार, काहिलीवर एक पांढरी एलईडी ट्यूब.

जांभा_दगड

ताई, मी कॅमेरावाला नाही. लँडस्केप करतो, जलरंगात. तरी त्या चित्रकारांना काय म्हणायचं असेल ते सांगायचा प्रयत्न करतो.

आधी एक करा. तो केशरी फोटो कृष्णधवल करून बघा. रंग काढल्यावर जाळ कुठे आहे, त्याच्यापासून लांब काय आहे, माणसाच्या कुठल्या गालावर उजेड पडलाय हे कळलं, तर उजेड आहे आणि रंगानं तो झाकलाय. सगळंच एकसारखं करडं झालं, तर उजेड मुळातच पकडला गेला नाही. आम्हाला शिकवताना डोळे किलकिले करून बघायला लावायचे ते याचसाठी. डोळे किलकिले केले की रंग मागे पडतो आणि गडद-फिकं तेवढं उरतं.

दुसरं. केशरी रंग एकटा असला की केशरी वाटत नाही. पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात शेव्ह्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगकामाचा प्रमुख होता. काळ्या धाग्याला म्हणावा तसा काळेपणा येत नाही अशा तक्रारी यायच्या. त्यानं तपासलं तर रंगात दोष नव्हता, शेजारी विणलेल्या धाग्यांमुळे काळा फिका वाटत होता. त्यावर त्यानं १८३९ साली अख्खा ग्रंथ लिहिला. तुमच्या फोटोत केशरीला शेजारच नाही. डोळा दोन मिनिटांत त्याला सरावतो आणि मग त्याला ते पिवळट-करडं वाटायला लागतं. एका कोपऱ्यात हातभर निळं असतं तरी तो जाळ पेटला असता.

आणि ते निळं तुम्हाला आठवतंय! तुम्हीच लिहिलंय, वाफ मधेच निळी दिसायची. लहानपणी तुम्ही दोन उजेड बघत होता. फोटोत एकच आलाय.

तेव्हा वेळ बदला. उजेडाची वाट बघायला आपल्या गावाला कुणी शिकवायला नको. अंबाबाईच्या किरणोत्सवाला नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुढे ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी अशा ठरलेल्या दिवशी माणसं मंदिरात श्वास रोखून उभी असतात. मावळतीचं किरण महाद्वारातून आत येतं आणि पायांपासून चेहऱ्याकडे चढायला लागतं. क्षितिजावर ढग आला तर त्या दिवशीचं राहिलंच. सगळा खेळ काही मिनिटांचा. गुऱ्हाळातही अशी काही मिनिटं असणार, ती शोधा.

अवांतर: संध्यामठ, रंकाळा ही आपल्या कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहमान यांची चित्रं पुन्हा बघा. कोल्हापूरचा उजेड किती हलक्या हातानं धरता येतो ते त्यात दिसतं. मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी घरी येऊन स्वतःची दोन चित्रं भिंतीवरून उतरवतो.

भट्टीसमोर

जांभा दादांशी सहमत. मी तांत्रिक बाजू लिहितो. शिरोलीच्या फाउंड्र्यांमध्ये बारा वर्षं फोटो काढतोय, त्यामुळे केशरी उजेडाशी रोजची झटापट.

केल्विनचा आकडा कॅमेऱ्यावाल्यांनी काढलेला नाही. वस्तू तापली की ती किती अंशाला कुठल्या रंगाची दिसते, त्याचं ते माप आहे. साच्यात ओततात तेव्हा लोखंड साधारण १४०० सेल्सिअस असतं, म्हणजे १७०० केल्विनच्या आसपास. चुलाणातला जाळ पिवळा दिसतो तो त्यातल्या काजळीच्या तापलेल्या कणांमुळे, तो १९००-२००० धरा. जुना पिवळा बल्ब २८०० च्या घरात. एलईडी ट्यूब बहुतेक ६५००. आणि सूर्य उगवायच्या आधीचं आकाश दहा हजारांच्याही वर.

आता तुमचे तीन फोटो बघा. कार्ड धरलंत तेव्हा कॅमेऱ्याला सांगितलंत की १९०० म्हणजे पांढरं. जाळ गेला. ५५०० ठेवलंत तेव्हा जाळ त्याच्यापासून इतका लांब पडला की सगळंच केशरीत बुडालं. मधे कुठंतरी, ३८०० ते ४२०० ठेवून बघा. जाळ केशरी राहील आणि दारातून येणारं आकाश निळं पडेल. कुणालाच पांढरं करायचं नाही. दागिन्यांच्या कामात हे पाप आहे, ठाऊक आहे.

पण त्याआधी ती ट्यूब बंद करा. हिरवट पत्र्यांचा संशय मला तिच्यावरच आहे. स्वस्त एलईडीच्या उजेडात लाल फार कमी असतो, आणि गुऱ्हाळात तर सगळा कारभारच लाल-पिवळ्याचा.

वेळ. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात-सव्वासातला उगवतो. त्याच्या अर्धा तास आधीपासून दाराकडे बघत राहा. सुरुवातीला जाळ जोरात आणि आकाश काळं. मग आकाश चढत जातं, आणि एक दहा-पंधरा मिनिटं अशी येतात की दाराचा उजेड आणि जाळाचा उजेड ताकदीनं बरोबरीला असतात. नंतर आकाश जिंकतं आणि जाळ फिका पडतो. तुमचं काम त्या पंधरा मिनिटांत. त्या वेळी आदण (काहिलीत चढवलेला रस) उकळीला असेल असं मामांना सांगून ठेवा.

एक्सपोजर. आत घ्यायचा उजेड नेहमीच्यापेक्षा एक ते दीड स्टॉप कमी; एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्याचे, पाव लालचे, पाव निळ्याचे असतात, आणि पाठीवरचा साधा हिस्टोग्राम (फोटोत गडद-फिकं किती ते दाखवणारा आलेख) हिरव्याच्या बाजूनंच जास्त बोलतो. तो ठीक दाखवत असतो तेव्हा लाल कधीच भरून सांडलेला असतो. लाल एकदा सांडला की त्याच्यामागून हिरवा चढत राहतो आणि सुंदर केशरीचा सपाट पिवळा ठिपका होतो. तुमच्या प्रिंटमध्ये जाळाच्या जागी असा ठिपका आहे का ते बघा. तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावून ठेवा. जोतिबाला गुलालात फोटो काढलेल्या प्रत्येकाला हा धडा मिळालेला असतो.

शेवटचं म्हणजे वाफ. वाफेचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा बरेच मोठे, म्हणून सगळे रंग सारखेच पसरवतात. वाफेला स्वतःचा रंग नाही, जो उजेड पडेल त्याची ती होते. (चिपाडाचा विरळ धूर मात्र बारीक कणांचा. काळोखासमोर तो आपणहून निळसर दिसतो. दोन्ही एका फोटोत आले तर बघण्यासारखं असतं.) तुमच्या मागून उजेड आला तर वाफ पांढुरकी, चपटी दिसेल. वाफ तुमच्या आणि दाराच्या मधे घ्या, मागे काळा खांब किंवा काळी भिंत शोधा. मग एका अंगानं चुलाणाचा केशरी, दुसऱ्या अंगानं आकाशाचा निळा. लहानपणी तुम्ही हेच बघत होता.

कॅमेरा थंडीतून एकदम आत नेऊ नका, लेन्सवर दव धरतं. बॅग बंदच ठेवून अर्धा तास आत राहू द्या.

काकवी

फोटोतलं मला कळत नाही, आमच्या घरी गुळाचा व्यापार आहे. एक विनंती करते. फोटो नीट करताना गूळ पिवळाधमक करू नका. बाजारात पिवळ्या गुळाला भाव मिळतो म्हणून पाकात हायड्रॉसची, म्हणजे रंग उडवणाऱ्या रसायनाची, पावडर टाकतात. रंग उघडतो, गूळ मात्र तो राहत नाही. बिनरसायनाचा गूळ तपकिरी असतो आणि गिऱ्हाईक त्याला नाक मुरडतं. मामांचा गूळ जसा असेल तसाच दिसू द्या. भेंडीचं पाणी घालून मळी काढल्यावर पाकाचा रंग बदलत जातो, तो पायरीपायरीनं बघा. गुळव्या (गूळ शिजवणारा कारागीर) त्या रंगावरूनच सांगतो किती वेळ राहिला ते.

चांदीची_पेटी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज जाऊन आले, हात अजून धुरकट आहेत, पण लगेच लिहिते.

आधी कृष्णधवलचं. केशरी प्रिंटची फाइल करडी केली आणि पोटात खड्डा पडला. भिंत, धोतर, हंडा सगळं एकाच करड्यात. जाळाच्या जागी सपाट ठिपका, अगदी भट्टीसमोर यांनी लिहिला तसा. दहा दिवस मी त्या वाक्यावर रुसले होते, आणि उत्तर माझ्याच फाइलमध्ये होतं.

ट्यूब बंद करायला मामा तयार होईना. "दिवा घालवल्यावर गुळव्याला पाक दिसायचा कसा?" त्याचं बरोबर होतं, उकळत्या काहिलीपाशी अंधार करून चालणार नाही. मग घरातून जुना पिवळा बल्ब आणला आणि ट्यूब काढून गुळव्याच्या बाजूला तो लावला. गुळव्यानं पाण्यात पाक टाकून गोळी बघितली आणि म्हणाला, "ह्यात उलट बरा दिसतोय." पाकाचा रंग ट्यूबखाली त्याला नीट कळत नव्हता म्हणे. आता बल्ब तिथंच राहणार आहे.

व्हाइट बॅलन्स ४०००, एक्सपोजर दीड स्टॉप खाली. मी चुलाणाच्या अंगाला भिंतीला टेकून उभी, समोर काहील आणि तिरकं दार. पावणेसातपर्यंत काही नाही, नुसता काळोख आणि जाळ. मग दाराची चौकट दिसायला लागली. आणि मग वाफेच्या पलीकडच्या कडेला निळं चढायला लागलं, आधी इतकं पुसट की मला भास वाटला. अलीकडची बाजू केशरीच. मधे जिथं दोन्ही मिसळत होते तिथला रंग मला सांगता येत नाही. जांभळा नाही, करडाही नाही. जाळ घालणारा चिपाडाचा भारा घेऊन वळला आणि त्याचा एक खांदा निळा, एक गाल केशरी झाला. मी कॅमेरा खाली घेऊन थोडा वेळ नुसती बघत राहिले, त्यात तीन-चार मिनिटं गेली. त्याचं मला वाईट वाटत नाही.

सव्वासातला सगळं साधं झालं होतं.

एकशे दहा फोटो काढले, त्यातले चार ठेवलेत. करडे करून बघितले, चारही उभे राहतात. एकात लाल थोडा सांडलाय, कारण जाळ अचानक भडकला. काकवीताई, पाकाला हात लावलेला नाही. मामाचा गूळ तपकिरी आहे आणि फोटोतही तपकिरीच आहे. पायरीपायरीचे पाकाचे फोटो मात्र राहिले, त्या वेळी मी वाफेतच अडकले होते.

शनिवारी परत जाते. मामा म्हणालाय, आदण अर्धा तास उशिरा चढवतो, म्हणजे उकळी बरोबर पावणेसातला येईल.