तीव्र कुपोषण ठरवायला दंडघेराची पट्टी पुरेशी आहे का?

सातपुडा_पायथा (धागाकर्ता): नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर ६ ते ५९ महिन्यांच्या बालकांची छाननी केवळ दंडघेराच्या पट्टीने (दंडाचा घेर मोजणाऱ्या रंगीत फितीने) करावी, असे माझे मत आहे. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर बालक अतितीव्र कुपोषित, आणि ११.५ पासून १२.५ च्या आत असला तर मध्यम, इतका हा निकष सरळ आहे. त्यासाठी वजनकाटाही लागत नाही आणि नेमकी जन्मतारीखही लागत नाही. शिवाय दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघाली, तरी पट्टी आईसोबत जाऊ शकते.

तापीकाठ: छाननीला पट्टी हवीच, पण तिच्यावरच थांबण्यास माझा ठाम विरोध आहे. पट्टीत प्रामुख्याने लहान वयाची आणि खुरटलेली (वयाच्या मानाने उंची कमी असलेली) बालके सापडतात. तीन-चार वर्षांचे, उंचीच्या मानाने अगदीच हडकुळे मूल मात्र १२.५ च्या पुढे भरून पट्टीवरच्या हिरव्या, म्हणजे ठीक समजल्या जाणाऱ्या भागात बसते आणि घरी परत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार उंचीनुसार वजन उणे ३ प्रमाणित विचलनाच्या खाली (म्हणजे त्या उंचीच्या निरोगी बालकांच्या मध्य वजनापेक्षा फारच कमी) असणे हा स्वतंत्र निकष आहे, आणि दोन्ही निकषांत सापडणारी बालके बऱ्याच अंशी वेगवेगळी असतात.

सातपुडा_पायथा: हे मान्य, परंतु उंचीचा आकडा विश्वासार्ह असतो का? दोन वर्षांखालील बालकाची लांबी झोपवून घ्यायची असते. मूल रडते, गुडघे वर ओढून घेते, आई डोके धरते आणि अंगणवाडी सेविका एका हाताने गुडघे दाबून दुसऱ्या हाताने पायाकडची फळी सरकवते. गुडघे वाकलेलेच राहिले की लांबी कमी नोंदली जाते, आणि तेच वजन त्या कमी लांबीला पुरेसे दिसून कुपोषित बालक यादीतून निसटते. त्यात मोठ्या मुलाला उभे करण्याऐवजी झोपवून मोजले आणि ०.७ सेंटिमीटर वजा करायचे राहिले, तर घोळ आणखी वाढतो.

जळगाव_निरीक्षक: चूक पट्टीतही होते, हे आपण सोयीस्करपणे वगळले. खांदा आणि कोपर यांचा मध्य न काढता अंदाजाने पट्टी गुंडाळली, किंवा ती जरा आवळली, की ११.६ चे ११.४ होते, आणि उपचाराचा निर्णय या दोन मिलिमीटरवर फिरतो. दोन्ही पायांवरची सूज तर कोणत्याच मापात येत नाही. त्यासाठी अंगठ्याने तीन सेकंद दाबून खळगा राहतो का ते पाहावे लागते, आणि तो राहिला तर माप काहीही असो, बालक अतितीव्रच ठरते.

तापीकाठ: म्हणूनच माझी मागणी मर्यादित आहे. पाड्यावर पट्टी आणि सूज दर महिन्याला पाहावी. पट्टीत हिरव्यात येऊनही ज्याचे वजन मागील महिन्यापेक्षा घटले आहे, त्याची उंची मात्र सेविका आणि मदतनीस या दोघींनी मिळून, दोनदा घ्यावी. मदतनीस हाताशी असताना हे अशक्य नाही.

सातपुडा_पायथा: वजन घटलेल्या बालकांपुरते मी हे स्वीकारतो. सरसकट सर्वांची उंची दरमहा घेण्यास माझा विरोध कायम आहे, कारण घाईत भरलेल्या रकान्यांवरून कोणाला पोषण पुनर्वसन केंद्रात (अतितीव्र कुपोषित बालकांना दाखल करून उपचार देणाऱ्या केंद्रात) पाठवायचे हे ठरू नये.