एकाच नावावर सेव्ह झालेल्या वर्ड फाइलची जुनी आवृत्ती परत मिळेल का?

कोरीपाटी

विंडोज १०, वर्ड २०१६. दिवाळी अंकाच्या मजकुराची १३६ पानांची फाइल डी ड्राइव्हवर 'संपादन' फोल्डरमध्ये होती. त्यातले दोनच लेख वेगळ्या फाइलमध्ये हवे होते म्हणून बाकीचं सगळं डिलीट केलं, आणि 'सेव्ह अ‍ॅज'ऐवजी कंट्रोल-एस दाबलं गेलं. वर्डही बंद झालं. आता फाइल १४ पानांची आहे. ही कालची गोष्ट.

रिसायकल बिन रिकामा. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथे 'प्रीव्हियस व्हर्जन्स'चा टॅब उघडला तर यादी कोरी. सी म्हणजे २५६ जीबीची एसएसडी, डी ही वेगळी १ टीबीची साधी हार्ड डिस्क. नऊ दिवसांपूर्वीची प्रत पेनड्राइव्हवर आहे, पण मुद्रितशोधन सगळं त्यानंतरचं. सिस्टिम रिस्टोअर मारून बघू का?

सर्व्हररूम

नका मारू. सिस्टिम रिस्टोअर विंडोजच्या फाइली, ड्रायव्हर आणि रजिस्ट्री मागे नेतं. तुमच्या डॉक्युमेंटला ते हातही लावत नाही. नावावरून फसायला होतं इतकंच.

आधी डी ड्राइव्हवर काहीही लिहिणं थांबवा. डाउनलोड, टॉरेंट, व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो, जे काही तिकडे जात असेल ते बंद. आणखी एक, जे कुणाच्या लक्षात येत नाही: विंडोज दर आठवड्याला आपणहून हार्ड डिस्क डीफ्रॅग करतं. स्टार्टमध्ये 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' उघडा, 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन शेड्यूल काढून टाका. डीफ्रॅग म्हणजे मोकळ्या जागेत फाइली हलवणं, आणि तुमचा जुना मजकूर आत्ता त्या मोकळ्या जागेतच पडलेला असणार.

खटपट्या

'प्रीव्हियस व्हर्जन्स' कोरा का, ते सांगतो. त्या टॅबला स्वतःचं असं काही नसतं. दोन ठिकाणांहून तो माल आणतो: फाइल हिस्टरी, किंवा रिस्टोअर पॉइंटबरोबर घेतलेली शॅडो कॉपी (ड्राइव्हची त्या क्षणाची गोठवलेली प्रत). फाइल हिस्टरी आपण चालू केल्याशिवाय चालू नसते. शॅडो कॉपी सिस्टिम प्रोटेक्शनमधून येते, आणि ते असलंच तर बहुधा फक्त सी ड्राइव्हला असतं. डीसाठी दोन्ही बंद, म्हणून यादी कोरी.

खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट शॅडोज' द्या (इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करा). डीचं नाव आलं नाही तर तो रस्ता संपला.

सी ड्राइव्हवर फाइल असलेल्यांनी हे लक्षात ठेवा: टॅब फाइलच्या नावावर आणि जागेवर चालतो. मध्यंतरी नाव बदललं असेल तर यादी कोरीच दिसते. तेव्हा फाइलवर न करता ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर राइट क्लिक करा, फोल्डरची जुनी आवृत्ती उघडा आणि आत जुन्या नावाने शोधा. आणि 'रिस्टोअर' बटण थेट दाबू नका, ते आजच्या फाइलवर जुनी बसवतं. शेजारच्या बाणातलं 'रिस्टोअर टू' घ्या आणि दुसरीकडे उतरवा.

कोरीपाटी, डीला सिस्टिम प्रोटेक्शन आत्ताच चालू करून टाका, पुढच्या वेळेला उपयोगी पडेल.

सर्व्हररूम

@खटपट्या, बाकी सगळं मान्य, शेवटचं वाक्य सोडून. शॅडो कॉपीची जागा त्याच ड्राइव्हच्या मोकळ्या भागातून घेतली जाते. आत्ता चालू केलं तर जे शोधायचंय त्यावरच लिहिलं जाण्याची भीती. आधी शोध, मग प्रोटेक्शन.

कोरीपाटी

डीचं नाव आलं नाही. डीफ्रॅगचं शेड्यूल काढलं. वर्डच्या ऑटोरिकव्हरीत काही असेल का? दर १० मिनिटांनी सेव्ह होतं असं सेटिंग दिसतंय.

डीटीपी_खोली

पाहून घ्या, पण आशा कमी. ऑटोरिकव्हरीची एएसडी फाइल वर्ड कोसळलं तर कामाला येते. सेव्ह करून नीट बंद केलं की वर्ड ती स्वतःच पुसून टाकतं. 'फाइल', 'इन्फो', 'मॅनेज डॉक्युमेंट', 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' इथे जे मिळतं ते सेव्ह न करता बंद केलेल्या फाइलींचं, तेही चार दिवसांपुरतं. तुमचा प्रश्न उलटा आहे: तुम्ही सेव्ह केलंत.

वर्ड बंद केलं नसतं तर गोष्ट सोपी होती. कंट्रोल-एस दाबल्यावरही कंट्रोल-झेड चालतं. अन्डूची यादी फाइल बंद होईपर्यंत शाबूत असते. हे वाचणाऱ्या पुढच्या माणसासाठी लिहून ठेवतो.

आता तुमच्या कामाचं. वर्ड सेव्ह करताना जुन्या फाइलच्या अंगावर नवा मजकूर लिहीत नाही. नवी आवृत्ती आधी एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितं, जुन्या फाइलचं नाव बदलून लाटचिन्ह (~), मग डब्ल्यूआरएल, चार आकडे आणि टीएमपी असं काहीतरी करतं, नवीला मूळ नाव देतं आणि मग ती जुनी डिलीट करतं. म्हणजे तुमची १३६ पानं 'ओव्हरराइट' झालेली नाहीत, वेगळ्या नावाने डिलीट झाली आहेत. रिकव्हरी सॉफ्टवेअरमध्ये लोक मूळ नाव शोधतात, त्यांना आजची १४ पानंच दिसतात आणि ते नाद सोडतात. 'संपादन' फोल्डरमधल्या डिलीट झालेल्या टीएमपी फाइली शोधा. सापडली की एक्स्टेन्शन बदलून डॉकएक्स करा, वर्डमध्ये उघडते.

सर्व्हररूम

नेमकं हेच. अवजार म्हणून मायक्रोसॉफ्टचंच 'विंडोज फाइल रिकव्हरी' घ्या, स्टोअरमध्ये फुकट आहे. विंडोज १० ची २००४ आवृत्ती किंवा पुढची लागते. त्याला खिडकी-बिडकी नाही, कमांडच द्यावी लागते:

विनएफआर डी: सी: /रेग्युलर /एन \संपादन\*.टीएमपी

पहिला ड्राइव्ह शोधायचा, दुसरा ठेवायचा. दोन्ही वेगळे हवेत, एकच दिलात तर ते काम करत नाही. तुमचा सी वेगळ्या डिस्कवर आहे, तेव्हा तिथे खुशाल उतरवा. सीवर 'रिकव्हरी' आणि तारीख अशा नावाचा फोल्डर तयार होईल.

'रेग्युलर' एनटीएफएसच्या (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) मुख्य यादीतल्या नोंदी वाचतं. डिलीट झालेल्या फाइलची नोंद पुढच्या नव्या फाइलला दिली जाऊ शकते. तशी दिली गेली असेल तर नाव गेलं, पण मजकूर डिस्कवर असू शकतो. मग 'रेग्युलर'च्या जागी 'एक्स्टेन्सिव्ह', आणि टीएमपीऐवजी डॉकएक्स. १ टीबीला काही तास लागतील.

तेही फसलं तर फोटोरेक. नाव फोटोचं असलं तरी डॉकएक्सही काढतं. प्रकारांच्या यादीत 'झिप' निवडायचं, कारण डॉकएक्स ही आतून झिपच असते. 'फ्री' म्हणजे फक्त मोकळी जागा तपासायला सांगा, नाहीतर डिस्कवरच्या हयात फाइलींचाही ढीग होईल.

खटपट्या

@सर्व्हररूम, प्रोटेक्शनबद्दलची चूक मान्य.

एसएसडीवाल्यांनी मात्र यातला शेवटचा भाग वाचून हुरळून जाऊ नये. फाइल डिलीट झाली की विंडोज एसएसडीला 'ट्रिम' पाठवतं, म्हणजे त्या फाइलचे ब्लॉक (जागेचे तुकडे) आता नकोत असा निरोप, आणि ते ब्लॉक बहुतेक वेळा लगेच शून्य वाचले जातात. तिथे फोटोरेकलाही काही दिसत नाही. 'एफएसयुटिल बिहेव्हियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय' या कमांडला उत्तर ० आलं तर ट्रिम चालू आहे. उलट वाटतं, पण ० म्हणजे चालू. काही एसएमआर पद्धतीच्या (ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) हार्ड डिस्कही ट्रिम घेतात, तेव्हा 'साधी हार्ड डिस्क' या शब्दावर पूर्ण विसंबू नका.

कोरीपाटी

पहिल्या कमांडने टीएमपी एकच आली, २६ केबीची, उघडत नाही. 'एक्स्टेन्सिव्ह'ने चारशेच्या वर डॉकएक्स आल्या. त्यातली कुठली, कसं ओळखू? नावं सगळी निरर्थक. एक्सप्लोररच्या शोधपट्टीत लेखाच्या शीर्षकातला मराठी शब्द टाकला, शून्य निकाल.

डीटीपी_खोली

मजकूर युनिकोडमध्ये आहे की जुन्या फॉन्टमध्ये? दिवाळी अंकाचं काम म्हणजे बहुधा नंतर पेजमेकरला जाणार, आणि टाइप श्रीलिपीसारख्या फॉन्टात. तसं असेल तर फाइलमध्ये देवनागरी अक्षरं नसतातच, आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. युनिकोडमधला 'दिवाळी' तिथे कधीच सापडणार नाही. उरलेल्या १४ पानांमधला एखादा मोठा, वेगळा शब्द कॉपी करा आणि तोच शोधपट्टीत पेस्ट करा. तिथे कचरा दिसेल, दिसू द्या. ही दोन लेखांची पानं जुन्या फाइलमध्येही होतीच, म्हणून त्यांतलाच शब्द घ्यायचा. कच्च्या प्रतीत आणि शोधन झालेल्या प्रतीत फरक करायचा असेल तर मुद्रितशोधनात दुरुस्त केलेला शब्द घ्या.

त्याआधी आकाराने चाळा. आजच्या फाइलचा आकार बघा, १३६ पानांची तिच्या बरीच पट असणार. ५० केबीच्या खालच्या बाजूला काढल्या तरी ढीग आटोक्यात येतो.

सापडलेली उघडताना वर्ड कुरकुरलं तर 'ओपन' शेजारच्या बाणातून 'ओपन अँड रिपेअर'. तेही नाही जमलं तर एक्स्टेन्शन झिप करा, सेव्हन-झिपने उघडा, 'वर्ड' फोल्डरमधली 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल काढा. मांडणी जाते, मजकूर वाचतो.

आणि मिळाली की लगेच शेवटची म्हणून धरू नका. चारशेत तिच्या पाच-सहा आवृत्त्या असतील, कारण प्रत्येक कंट्रोल-एसला एक जुनी डिलीट होत आलीय. 'रिव्ह्यू'मधल्या 'कंपेअर'ने पेनड्राइव्हवरच्या प्रतीशी ताडून पाहा. जिच्यात सर्वांत जास्त दुरुस्त्या दिसतील ती घ्या.

कोरीपाटी

श्रीलिपीच आहे. कचरा पेस्ट केल्यावर सात फाइली आल्या, ३ नीट उघडतात. ताडतोय. पुढे हे होऊ नये म्हणून काय चालू ठेवू?

खटपट्या

फाइल हिस्टरी, बाहेरच्या डिस्कवर. मूळ सेटिंगमध्ये दर तासाला बदललेल्या फाइली उचलते. १० मिनिटांवर आणता येतं. पण ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स वगैरेच बघते, डीवरचा 'संपादन' आपणहून घेत नाही. विंडोज १० मध्ये 'बॅकअप'च्या 'मोअर ऑप्शन्स'मध्ये 'अ‍ॅड अ फोल्डर' आहे. ११ मध्ये ते पान गेलं. फोल्डर 'डॉक्युमेंट्स' लायब्ररीत जोडावा लागतो.

डिस्कवर प्रती साध्या फाइली म्हणून दिसतात, नावापुढे कंसात तारीख, वेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). ती वेळ आपली नाही. ०५_०० लिहिलंय म्हणजे सकाळचे साडेदहा. साडेपाच तास मिळवायला विसरलात तर दुपारच्या ऐवजी संध्याकाळची प्रत उचलाल.

डीटीपी_खोली

वर्डमध्येही 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड', 'सेव्ह' खाली 'ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी'वर खूण करा. प्रत्येक सेव्हला आधीची आवृत्ती शेजारी डब्ल्यूबीके म्हणून राहते. फक्त एकच राहते हं. घाबरून दुसऱ्यांदा कंट्रोल-एस दाबलंत तर तीही १४ पानांची.

सर्व्हररूम

ढगात ठेवणार असाल तर मुदती बघून घ्या. गूगल ड्राइव्ह वर्ड फाइलच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत ठेवतं, 'कीप फॉरएव्हर'वर खूण केली नाही तर. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात शेवटच्या २५. दर दोन मिनिटांनी सेव्ह करणाऱ्याच्या २५ आवृत्त्या तासाभरात संपतात.

डीचं सिस्टिम प्रोटेक्शन आता चालू करायला हरकत नाही, पण त्या तीनही फाइली सीवरून पेनड्राइव्हवर गेल्यावरच.