मदत हवी आहे: वारंवार तुटणाऱ्या जोडणीवर ऑब्जेक्टची विभागणी कशी करावी?

नमस्कार,

यवतमाळ जिल्ह्यातील काही जिनिंगांवर होणाऱ्या कापूस खरेदीसाठी मी जावा या प्रोग्रामिंग भाषेत एक प्रणाली लिहीत असून तिच्या रचनेविषयी जाणकारांचे मत हवे आहे. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, ओलावा आणि भाव हे सारे ‘काटापट्टी’ या क्लासमध्ये (माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र ठेवणाऱ्या साच्यात) आहे. त्याचे ऑब्जेक्ट (त्या साच्यातून बनलेल्या एकेका गाडीच्या नोंदी) तालुक्याच्या सर्व्हरवर राहतात आणि वजनकाट्यावरचा संगणक आरएमआयद्वारे (दुसऱ्या संगणकावरचा ऑब्जेक्ट वापरण्याची जावातील सोय) त्यांच्या मेथड, म्हणजे त्यांना नेमून दिलेली कामे, कॉल करतो.

अडचण अशी की, गाडी खाली होऊन ‘नोंद करा’ ही मेथड कॉल केली की नेमके तेव्हाच इंटरनेट जाते (ऐन हंगामात हे रोजचेच आहे). काट्यावर रिमोट एक्सेप्शन (दूरचा कॉल फसल्याची सूचना) दिसते; पण मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही, की नोंद होऊन केवळ उत्तर वाटेत हरवले, हे त्यावरून कळत नाही. पुन्हा पाठवावे तर एकाच गाडीचे चुकारे दोनदा निघतात, आणि न पाठवावे तर शेतकरी पावतीविना ताटकळत राहतो. शिवाय पावती छापताना प्रत्येक गेटरसाठी (एकेक माहिती वाचून देणाऱ्या मेथडसाठी) सर्व्हरकडे वेगळी फेरी होते, ती निराळीच.

जवळचा आणि दूरचा ऑब्जेक्ट एकसारखा मानू नये, कारण विलंब, मेमरी, समवर्तिता (एकाच वेळी अनेक कामे चालणे) आणि अर्धवट बिघाड (एक भाग बंद पडून बाकीचे चालू राहणे) या बाबतींत ते मुळातच वेगळे असतात, हे सन मायक्रोसिस्टिम्सच्या जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच मांडले होते. त्या सहकाऱ्यांपैकी अ‍ॅन वोलरॅथ यांनीच पुढे आरएमआयची रचना केली. म्हणूनच बहुधा त्यात बिघाड लपवलेला नाही. मात्र तो दिसल्यावर काय करायचे, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

माझा विचार असा आहे की, काटापट्टीचा ऑब्जेक्ट काट्यावरच ठेवावा, तिथेच तिला यूयूआयडी (कुठेही पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) द्यावा, नोंद आधी स्थानिक डेटाबेसमध्ये जतन करावी आणि जोडणी आल्यावर पूर्ण माहिती एकाच संदेशात पाठवावी. सर्व्हरवर त्या यूयूआयडीला युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न स्वीकारण्याचा डेटाबेसचा नियम) असल्यास संदेश कितीही वेळा आला तरी नोंद एकच राहील.

पण ओलाव्याची कपात मोजणारी मेथड कुठे ठेवावी, हे मला सुटत नाही. पावतीसाठी ती काट्यावर हवी आणि तपासणीसाठी सर्व्हरवरही. दोन्हीकडे एकच जार (जावा प्रोग्रामची फाइल) ठेवली, तर एखाद्या जिनिंगवर जुनी आवृत्ती राहून रकमा जुळणार नाहीत. अशा वेळी नियमाचा आवृत्ती क्रमांक प्रत्येक नोंदीसोबत पाठवणे पुरेसे आहे का? आणि पावती दिल्यानंतरची दुरुस्ती त्याच ऑब्जेक्टमध्ये करावी, की रद्द केल्याची वेगळी नोंद पाठवावी? काट्यावरचे संगणक जुने असल्यामुळे वेगळा मेसेज ब्रोकर (संदेश साठवून पुढे पोहोचवणारा प्रोग्राम) बसवणे शक्य नाही, हे उत्तर देताना कृपया लक्षात घ्यावे.