ऑक्टोपसचे पिल्लू आठवडाभर कपारीतच बसून आहे

प्रश्न
मी सॅन डिएगोत राहते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या, डोळ्यांखाली निळे ठिपके असणाऱ्या जातीचे ऑक्टोपसचे एक पिल्लू मी आठ दिवसांपूर्वी घरी आणले. ते समुद्रातून पकडलेले नसून टाकीतच जन्मलेले आहे आणि जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढे आहे. टाकी २०० लिटरची असून तिच्यात खारे पाणी भरून तीन आठवडे झाले. गोठवलेली कोळंबी समोर ठेवली तरी ते कपारीतून बाहेर येत नाही आणि तीन दिवसांत त्याने काहीही खाल्लेले नाही. मला त्याची फार काळजी वाटते.

उत्तर १
खाण्याचा विचार करण्याआधी आजच पाण्यातील अमोनिया मोजा. विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू दगडांवर व गाळणीत पुरेसे वाढायला वेळ लागतो. ऑक्टोपससाठी तर निदान तीन महिने जुनी टाकी हवी, असे माझे ठाम मत आहे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असायला हवेत. तसे नसेल, तर आदल्या दिवशी मीठ मिसळून ठेवलेल्या, त्याच तापमानाच्या आणि तितक्याच खारट पाण्याने रोज थोडे थोडे पाणी बदला. थेट नळाचे पाणी वापरू नका. या प्राण्याच्या रक्तातील प्राणवायू वाहणारे द्रव्य तांब्यावर आधारलेले असते, तरीही पाण्यात विरघळलेले तांबे त्याला घातक ठरते. म्हणून माशांसाठीची तांबेयुक्त औषधे या टाकीत कधीही वापरू नयेत.

उत्तर २
वरील सल्ला योग्यच आहे. मात्र एवढे लहान पिल्लू निर्जीव तुकड्याकडे बहुधा शिकार म्हणून पाहतच नाही. त्याला सूक्ष्म जिवंत कोळंबी द्या आणि तीही दिवे मंद करून, संध्याकाळी. पुढे थोडे मोठे झाले, की गोठवलेला तुकडा काडीच्या टोकाला लावून हळूहळू हलवत त्याच्यापुढे धरा. सवय लागायला काही आठवडे जातात. न खाल्लेले अन्न मात्र सकाळी न विसरता काढा. पंपाच्या तोंडाला स्पंज बांधला आहे का? तो नसेल तर पिल्लू आत ओढले जाते.

प्रश्नकर्ती
अमोनिया ०.५ निघाला. पाणी बदलले, स्पंजही बांधला. काल रात्री सोडलेल्या जिवंत कोळंब्यांपैकी सकाळी दोन दिसल्या नाहीत. आपल्या दोघांचे मनापासून आभार.

उत्तर ३
त्या कोळंब्या कपारीत लपलेल्याही असू शकतात, तेव्हा आणखी दोन-तीन दिवस मोजत राहा. आता झाकणाकडे वळा. ऑक्टोपसच्या शरीरात चोचीखेरीज कठीण असे जवळपास काहीच नसते, त्यामुळे चोच जाईल तेवढ्या फटीतून तो सबंध बाहेर पडतो. न्यूझीलंडमधील नेपियर येथील राष्ट्रीय मत्स्यालयातून २०१६ मध्ये प्रकाशात आलेले इंकी या ऑक्टोपसचे पलायन किंचित उघड्या राहिलेल्या झाकणामुळेच घडले होते. नळ्या आणि तारा जिथून आत जातात ती छिद्रे जाड स्पंजने घट्ट भरा आणि झाकणाला कडी लावा. आणखी एक गोष्ट आतापासूनच मनाशी धरून ठेवावी: या जातीचे आयुष्य एक ते दोन वर्षांचेच असते. मादी असेल आणि तिने अंडी घातली, तर ती अंडी राखत बसते व अन्न सोडते. ती पाण्याची चूक नसते.