गणपतीतली शिरगणती की आषाढातली? गावच्या आराखड्यात कुठली धरायची?

जांबोटीकडची

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या पुढं रानाला लागून असलेल्या एका लहान गावातली. पंचायत दुसऱ्या गावात, आम्ही तिच्यातलं एक. आमच्या स्त्रीशक्ती संघातल्या सहा जणींनी यंदा गावाची वही केलीय. ती ग्रामसभेत कशी मांडायची हे विचारायला लिहितेय, थोडं लांबेल.

मागच्या सभेत पुढच्या वर्षाचा आराखडा वाचून दाखवला. आमच्या वाट्याला गटार आणि सिमेंटचा रस्ता. लोकसंख्येच्या रकान्यातला आकडा 2011 च्या जनगणनेचा. त्या साली माझी थोरली अंगणवाडीत जात होती, आता ती बेळगावात नर्सिंग शिकतेय. तेव्हा मोजलेल्यातले निम्मे लोक आज रात्री गावात झोपत नाहीत. ज्यांच्यासाठी आराखडा करायचा ती माणसं आहेत तरी कोण, हे कुणालाच सांगता येईना. म्हणून आम्हीच घरोघर फिरलो, एकदा आषाढात आणि एकदा गणपतीत.

घरं 74. आषाढात 9 घरांना कुलूप. 23 घरांत फक्त साठीच्या पुढची माणसं, त्यातल्या 8 घरांत बाई एकटी. सगळी मिळून 187 माणसं. गणपतीत त्याच 74 घरांत 412! म्हापसा, वास्को, पुणे, बेळगावच्या उद्यमबागेतले फाउंड्रीवाले, सगळे आले. देवळापुढं गाड्या मावेनात आणि तिसऱ्या दिवशी नळ कोरडे.

डोकी मोजताना आम्ही आणखी चार गोष्टी विचारल्या. बीपी-शुगरच्या गोळ्या कोण आणून देतं, रात्री दुखायला लागलं तर हाक कुणाला मारता, गेल्या आठ दिवसांत घराबाहेरच्या कुणाशी बोललात, आणि पावसात काय अडतं.

ओढ्यापलीकडच्या एका आजीकडं गेले तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. गोळ्यांचं विचारलं तर उठून खिळ्याला अडकवलेली पिशवी काढली. आत बीपीच्या गोळ्यांची चार पाकिटं, तीन रिकामी आणि एक अर्धं. रिकामी पाकिटंसुद्धा तिनं जपून ठेवलेली, नाव दाखवायला लागतं म्हणून. म्हणाली, "दिवसाआड एक खाते बघ. पोरगं गणपतीला येईस्तवर पुरवाय पाहिजेत न्हवं." मी वहीत लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. तिथंही तेच. त्या 23 घरांतल्या 11 घरांत गोळ्या अशा पुरवून पुरवून खातात.

जून 2023 पासून आम्हा बायकांना सरकारी बस मोफत आहे, त्याचा उपयोग खूप झाला, माझ्या मुलीला तर फारच. पण आजीची अडचण तिकिटाची नाहीच. बस फाट्यावरून जाते. फाटा पावणेतीन किलोमीटर, मध्ये ओढा, आणि पावसात ओढ्याला कमरेएवढं पाणी.

तर आराखड्यात 187 धरायचे की 412? गोळ्या पुरवून खाणं, आठ दिवस कुणाशी न बोलणं, हे कुठल्या रकान्यात बसतं? आणि सभेचं कामकाज कन्नडमध्ये लिहिलं जातं, आमची वही मराठीत. नुसतं बोलून आलो तर कागदावर काही राहत नाही, हा आधीचा अनुभव आहे.

निपाणीकर मास्तर

ताई, वही वाचून फार बरं वाटलं. मी शाळेतून निवृत्त झालो, मग एक टर्म पंचायतीत सदस्य होतो. माहीत आहे तेवढं सांगतो.

दोन्ही आकडे धरा, पण वेगवेगळ्या कामांना. नळपाणी योजनेत माणशी दिवसाला 55 लिटर पाणी धरतात. 187 माणसांना 10,285 लिटर लागतात, 412 जणांना 22,660. तुमच्या टाकीवर किती लिटर लिहिलंय ते आधी बघून या. ती आषाढाच्या हिशेबाची असेल तर गणपतीत नळ का कोरडे पडले ते कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. पाण्याला गणपतीचा आकडा, औषधाला आषाढाचा.

जनगणनेचंही सांगतो. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली. आमच्या बाजूला त्या दिवसांत कारखान्यांचा हंगाम जोरात असतो, ऊसतोडीची कुटुंबं फडावर. तुमच्याकडं गोव्यातली पोरं कामावर. पुढची जनगणना 1 मार्च 2027 हा दिवस धरून होणार, म्हणजे पुन्हा तोच मोसम. माणूस नेहमी राहतो कुठं हे ते विचारतात, पण पावसाळ्यात घरात मागं कोण उरतं ते त्यात येत नाही. ते तुमच्या वहीतच आहे. म्हणून दोन्ही वेळच्या मोजणीच्या तारखा वहीवर ठळक घाला. तारीख नसलेल्या आकड्याला सभेत कुणी विचारत नाही.

गटारच का आलं? पंचायतीला केंद्राकडून येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या पैशांत 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. सांडपाण्याचं काम त्यात सहज बसतं, म्हणून गावोगावी गटारं आली. मग तुम्हीही त्याच दारानं आत जा आणि जादा टाकी पाण्याच्या रकमेतून मागा. ओढ्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, उरलेल्या मोकळ्या रकमेतून. गोळ्यांचं काम पैशाचं नाहीच, ते आरोग्य खात्याकडून ठरलेल्या वारी माणूस येण्याचं आहे. त्याला ठराव लागतो. उपकेंद्र मागू नका, डोंगरी भागात ते 3,000 लोकसंख्येला एक असतं. मागणी मोठी केली की छोटीही जाते.

क्रम चुकवू नका. आधी वॉर्डसभा, मग ग्रामसभा, मग आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढतो. एकदा चढला की वर्षभर थांबावं लागतं. दोन ग्रामसभांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू नये असा कायदा आहे, तेव्हा सभेची तारीख तुम्हीही लेखी विचारू शकता.

भाषेचं म्हणाल तर एकाच कागदावर डावीकडं कन्नड, उजवीकडं मराठी. दोन प्रती करा, एक द्या, दुसरीवर शिक्क्याची पोच घ्या. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांच्या वर असतील तिथं सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात ही तरतूद आहे, आणि ती मी कधी सोडलेली नाही. पण ताई, त्यासाठी वेगळा अर्ज करा. मी सदस्य असताना एका सभेत भाषेवरून दोन तास गेले आणि अंगणवाडीच्या छपराचा विषय आलाच नाही. त्या पावसात पोरं भिजली. अजून ते मनातून जात नाही.

अथणीची सिस्टर

ताई, ती 11 घरं ग्रामसभेपर्यंत थांबवू नका. बीपीची गोळी दिवसाआड खाल्ली तर बीपी आटोक्यात राहत नाही. असेच पेशंट अर्धांगवायू होऊन आमच्याकडं येतात, आणि नातेवाईक सांगतात, "गोळ्या चालू होत्या की." खोटं नसतं ते, चालूच असतात, पण अर्ध्या. याच आठवड्यात आशाताईला घेऊन त्या 11 घरांत जा, बीपी मोजून घ्या. उपकेंद्रातून या गोळ्या मोफत मिळतात. महिन्याच्या एकदम मागा.

आता तुमचा रकान्याचा प्रश्न. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म आशा भरते, सीबॅक म्हणतात त्याला. त्यात शेवटी मनाचे दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असं किती वेळा झालं, आणि उदास, निराश किती वेळा वाटलं. उत्तराला 0 ते 3 गुण, बेरीज 3 च्या वर गेली की पुढं पाठवायचं. म्हणजे तुम्ही जे विचारलंत त्याला सरकारी कागदावर जागा आहे. घाईत ते दोन प्रश्न पुष्कळदा न विचारताच 0 लिहिला जातो. मीही सुरुवातीला लिहिलाय. चार बायका बसलेल्या असताना सासूला "उदास वाटतं का" कसं विचारायचं? तुम्ही "आठ दिवसांत कुणाशी बोललात" असं विचारलंत ते जास्त चांगलं. उत्तर द्यायला लाज वाटत नाही.

आणखी एक, आणि यावर मी हट्ट धरीन. सभेत टक्के सांगू नका. 8 एकट्या बायका म्हणजे 74 घरांत जवळजवळ 11 टक्के. पुढच्या वर्षी दोघी मुलाकडं राहायला गेल्या तर तो 8 टक्के होईल आणि कुणीतरी म्हणेल सुधारणा झाली. "आठ घरांत बाई एकटी" एवढंच म्हणा. आणि नाव गाळून भागत नाही हो. "ओढ्यापलीकडची, एकटी, बीपीवाली" म्हटलं की सगळ्या गावाला कळतं कोण ते. ओढ्याअलीकडची-पलीकडची एकत्र करून सांगा. नावांची वही संघाच्या पेटीत ठेवा, पंचायतीला फक्त बेरीज द्या. एकटी बाई कुठं राहते याची यादी हातोहात फिरणं बरं नव्हे.

म्हापशातला

मी तुमच्याच बाजूचा, चोर्ल्याच्या रस्त्यानं महिन्या-दोन महिन्यांनी घरी येतो. काल रात्री हे वाचून आईला फोन लावला आणि पहिल्यांदाच विचारलं, गोळ्या रोज घेतेस का. ती म्हणाली, घेते की. मग म्हटलं, पाकीट समोर घे आणि मोज. बराच वेळ बोललीच नाही.

वहिनी, आम्हा बाहेरच्यांचंही वहीत घ्या. कोण कुठं, किती दिवसांनी येतो, फोन कुणाचा लागतो. आमच्या गावातले आम्ही सात जण इथं एकाच वाड्यात राहतो, दर पंधरा दिवसांनी कुणीतरी एक घरी जातोच. एकाच्या पिशवीतून पाच घरांच्या गोळ्या जाऊ शकतात. आजवर कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण प्रत्येकाला वाटायचं आपलीच आई तेवढी एकटी आहे.

जांबोटीकडची

मास्तर, सिस्टर, दादा, तिघांनाही मनापासून धन्यवाद.

टाकी बघून आले. शेवाळ खरवडल्यावर आकडा दिसला, 10,000 लिटर. म्हणजे आषाढालाही थोडी कमीच. मोबाईलवर फोटो काढलाय, अर्जाला जोडते.

आशाताईबरोबर 11 घरं फिरले. दोघांचं बीपी इतकं वाढलेलं निघालं की एका काकांना त्याच दुपारी शेजाऱ्याच्या टेम्पोतून खानापूरला न्यावं लागलं, आता बरे आहेत. बाकीच्यांना महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. मनाचे दोन प्रश्न आम्ही सभेच्या आधी पुन्हा विचारणार आहोत, एकेकीला वेगळं बसवून, तांदूळ निवडता निवडता.

कन्नड मजकूर शेजारच्या गावातल्या गुरुजींनी लिहून दिला. एक पान, तीन मागण्या: टाकी, साकव, आणि महिन्यातून दोन ठरलेल्या बुधवारी सिस्टरची फेरी. भाषेचा अर्ज वेगळा केला.

ओढ्यापलीकडच्या आजीला पान वाचून दाखवलं, तिला विचारल्याशिवाय द्यायचं नव्हतं. तिनं ते हातात घेतलं, दोन्ही बाजू बघितल्या आणि म्हणाली, "सभेला मलाबी ने. ओढ्याचं मीच सांगते." ओढ्याला पाणी आहे अजून, तेव्हा तिला आदल्या दिवशीच माझ्याकडं आणून ठेवणार आहे.