निळ्या प्रकाशात काळा दिसलेला चट्टा: तुकडा तपासावा की थेट प्रकाशोपचार करावा?

कागलकर:
माझी आत्या वर्षानुवर्षे मिश्री लावते. तिच्या डाव्या गालाच्या आत काही महिन्यांपासून पांढरा चट्टा आहे. कोल्हापुरातील दंतवैद्यांनी तोंडात निळा प्रकाश टाकून विशिष्ट चष्म्यातून पाहिले, तेव्हा सभोवतालचा भाग हिरवट आणि चट्ट्याची जागा काळसर दिसली, म्हणून त्यांनी बायोप्सी, म्हणजे चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासणे, सुचवली. आत्याचे म्हणणे असे, की सुरी लागली की रोग पसरतो. आणि आतेभावाने कोठेतरी वाचले आहे, की कापाकापी न करता प्रकाशानेच कर्करोग जातो. काळे दिसणे म्हणजे कर्करोगच का? आणि बायोप्सी टाळून प्रकाशोपचार करता येतो का?

दंतवैद्य, राजारामपुरी:
दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे. निरोगी श्लेष्मल त्वचेतील, म्हणजे तोंडाच्या आतल्या ओलसर अस्तरातील, काही घटक निळ्या प्रकाशात आपणहून हिरवट चमकतात. पेशींची रचना बिघडली की ही चमक मंदावते. मात्र दाह, जखम, रक्ताचा साठा किंवा त्वचेतील काळे रंगद्रव्य यांमुळेही जागा काळी दिसते. म्हणून आम्ही आरशाच्या मागच्या बाजूने तो भाग हलकेच दाबून पाहतो: दाबल्यावर रक्त बाजूला सरून हिरवा रंग परतला, तर दाहाची शक्यता अधिक. दातांवरच्या किटणातील जिवाणू तर लाल चमकतात आणि नवख्याला चकवतात. तेव्हा हा दिवा तुकडा कोठून घ्यावा एवढेच सुचवतो. निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते. बायोप्सीने रोग पसरतो ही भीती आमच्याकडे रोज ऐकू येते, परंतु खरे नुकसान होते ते त्या भीतीपायी वाया गेलेल्या महिन्यांनी.

प्रकाशकण:
मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून उपचाराची बाजू मांडतो. नुसता प्रकाश काहीच करत नाही. प्रकाशसंवेदी औषध, त्याला चालेल अशा तरंगलांबीचा प्रकाश आणि पेशीतील ऑक्सिजन ही तिन्ही एकत्र आली, तरच अतिक्रियाशील ऑक्सिजन तयार होऊन पेशी मरते. या परिणामाची पहिली नोंद म्युनिकमध्ये ऑस्कर राब यांनी 1900 च्या सुमारास केली. अ‍ॅक्रिडीन रंगात ठेवलेले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरत आणि अंधारात जगत. पुढे फोटोफ्रिन या औषधाला अमेरिकेत 1995 मध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी व 1998 मध्ये फुप्फुसाच्या सुरुवातीच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. किलोमागे 2 मिलिग्रॅम औषध शिरेतून देतात आणि साधारण 40 ते 50 तासांनी 630 नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकतात. त्यानंतर किमान 30 दिवस ऊन टाळावे लागते. बाजारातले सनस्क्रीन येथे निरुपयोगी, कारण ते अतिनील किरण अडवते आणि हे औषध दृश्य प्रकाशानेच चेतते. तरीही कोंडून अंधारात बसू नये. घरातल्या सौम्य उजेडात त्वचेतील औषध हळूहळू निष्प्रभ होते. शेतावर राबणाऱ्या माणसाला हे पथ्य किती जमेल, हा विचार अगोदर व्हायला हवा.

शल्यक:
मुख्य अडचण खोलीची आहे. लाल प्रकाशही ऊतीत फार तर 5 ते 10 मिलिमीटर परिणाम करतो आणि मानेतील गाठींपर्यंत (लसिकाग्रंथींपर्यंत) तर पोहोचतच नाही. तोंडाच्या कर्करोगात त्या गाठींना किती महत्त्व आहे, हे मुंबईच्या टाटा मेमोरियलने 2015 मध्ये दाखवून दिले. सुरुवातीच्या रुग्णांत मूळ शस्त्रक्रियेबरोबरच मानेच्या गाठी काढल्या तेव्हा तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात होते; गाठी वाढल्यावरच काढायच्या असे ठरवले त्या गटात हेच प्रमाण 67.5 टक्के होते. अगदी उथळ, मर्यादित विकारात प्रकाशोपचाराला जागा आहे. पण विकार उथळ आहे की नाही, हे तुकडा न पाहता कसे ठरवणार?

कागलकर:
धन्यवाद. हे सगळे आत्याला वाचून दाखवले. मिश्रीवरून थोडी कुरकुर झाली, पण बायोप्सीला तयार आहे. तिला हृदयासाठी रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. ती बंद करावी का?

दंतवैद्य, राजारामपुरी:
स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नका. गोळीचे पाकीट सोबत आणा आणि तुकडा घेणाऱ्या डॉक्टरांना आधीच दाखवा; गरज वाटल्यास ते तुमच्या हृदयतज्ज्ञांशी बोलून ठरवतील. मिश्री मात्र आजच थांबवा, अहवालाची वाट पाहू नका.