शब्दचर्चा: 'रीजनरेशन' आणि 'रीब्रँडिंग'ला आपल्याकडे काय म्हणावं?

प्रश्न (अंबाजोगाई, भूगोलाची शिक्षिका)

नमस्कार मंडळी. कारखाने बंद पडले, बाजार दुसरीकडे गेला की काही गावं-शहरं खंगत जातात. ती पुन्हा उभी करणं म्हणजे रीजनरेशन, आणि त्यांच्याबद्दलचं लोकांचं मत बदलणं म्हणजे रीब्रँडिंग. अकरावीच्या मुलांना हा भाग मराठीतून शिकवायचा आहे. माझ्यासमोरची उदाहरणं ब्रिटनमधली आहेत: जहाजबांधणी ओसरल्यावर 1990 साली युरोपची सांस्कृतिक नगरी झालेलं ग्लासगो, कॉर्नवॉलमध्ये चिनी मातीच्या जुन्या खाणीत 2001 साली सुरू झालेलं ईडन प्रोजेक्ट, जुन्या पुस्तकांच्या दुकानांनी जगाच्या नकाशावर आणलेलं वेल्समधलं हे-ऑन-वाय. शेवटचं उदाहरण मुलांना लगेच कळलं, कारण साताऱ्याकडचं भिलार हे पुस्तकांचं गाव त्यांना ठाऊक आहे.

अडलं ते शब्दांपाशी. भाषांतरात 'पुनर्निर्मिती' आणि 'पुनर्नाममुद्रण' असे शब्द आहेत. दुसरा शब्द ऐकून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आधार कार्डावरचं नाव दुरुस्त करतेत, तसं का?" तिचं काही चुकलं नाही, शब्दच तसा आहे. आपल्या भागात या गोष्टींना काय म्हणतात?

उत्तर (लातूर, मोंढ्यात अडत दुकान)

मॅडम, 'पुनर्विकास' हा शब्द कुणी सुचवला तर घेऊ नका. तो मुंबईच्या चाळींचा शब्द आहे. जुनी इमारत पाडायची आणि त्या जागी टॉवर बांधायचा, एवढाच त्याचा अर्थ आता उरला आहे. 'पुनर्वसन' तर आमच्याकडे नकोच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूर भागात हा शब्द इतक्या वेळा कानावर पडला की तो ऐकला की जुनं गाव आणि नवं गाव, अशी दोनच चित्रं डोळ्यांपुढं येतात.

बाजारात आम्ही क्रियापदांवर काम भागवतो. 'धंदा बसला' म्हणजे बुडाला. 'जम बसला' म्हणजे चालू लागला. क्रियापद तेच, अर्थ अगदी उलटे. 'बाजार उठला' म्हणजे दिवस संपला, पण 'मालाला उठाव आहे' म्हणजे गिऱ्हाईक आहे. 'गाव उठलं' म्हणजे माणसं निघून गेली, आणि 'पेठ वसली' म्हणजे माणसं आली. तुम्हाला हवा असलेला शब्द या 'वसणे'च्या घरातच सापडेल, असं माझं मन सांगतं. वसवणे. पुन्हा वसवणे.

उत्तर (बीड, निवृत्त तलाठी)

लातूरच्या भाऊंचं बरोबर आहे. त्यांच्या बोलण्याला महसुली दप्तरातले दोन शब्द जोडतो.

पहिला 'बेचिराख'. आज आपण तो 'जळून राख झालेलं' या अर्थानं वापरतो: बाँब पडला, शहर बेचिराख झालं. पण गावांच्या यादीत तो ओस गावासाठी येतो. शीव आहे, सर्व्हे नंबर आहेत, खातेदार आहेत, पण घर एकही नाही. तिथं कधी काही जळलेलं नसतं. मूळ शब्द फारसी 'बे-चिराग', म्हणजे जिथं दिवा लागत नाही असं. मराठी कानाला त्यात 'राख' ऐकू आली आणि अर्थ बदलला. नोकरीत असताना अशा एका शिवारात खासरा पाहणीपत्रक घेऊन उभा राहिलो होतो. मारुतीच्या ओट्याचे दगड तेवढे शिल्लक होते. जुन्या लोकांनी दिव्यावरून शब्द का केला असेल, ते त्या संध्याकाळी मला पटलं.

त्याच्या उलट शब्द 'आबाद'. दौलताबाद, खुलदाबाद, हैदराबाद यांच्या शेपटीला असलेला तोच. पुष्कळ जण तो 'आब' म्हणजे पाणी, यावरून आला असं सांगतात. आपल्या कोरडवाहू मुलखात हे कुणालाही पटावं. पण व्युत्पत्तीचे अभ्यासक त्याच्या मुळाशी 'राखलेलं, सांभाळलेलं' हा अर्थ दाखवतात. संस्कृतातल्या 'पा' म्हणजे रक्षण करणे, या धातूचाच तो भाऊबंद. मराठीनं त्यावरून 'आबादानी' आणि 'आबादीआबाद' असे शब्द केले.

आणि रीजनरेशन आपल्याला नवं नाही. उजाड मुलूख पुन्हा लागवडीला आणण्याला जुन्या मराठी कागदांत 'लावणी-संचणी' म्हणतात. त्यासाठी 'इस्ताव्याचा कौल', म्हणजे चढत्या साऱ्याचं लेखी अभयवचन, देत. पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, मग दर वर्षी थोडा चढता, आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुरा. पळून गेलेल्या कुळाला परत यायला धीर यावा, हा हेतू. पेठ वसवणाऱ्या शेट्या-महाजनांनाही असे कौल आणि हक्क मिळत. आज कारखान्यांना पहिली काही वर्षं करसवलत देतात, त्याची मुळं लोक परदेशात शोधतात. मला तर त्यात इस्तावाच दिसतो. हे शब्द मुलांपर्यंत पोचावेत, ही माझी फार इच्छा आहे.

उत्तर (पैठण)

रीब्रँडिंगवर थोडंसं. 'पैठणी' या नावात आमचं गाव आहे, 2010 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आज मोठी पेठ नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याची आहे, बहुतेक माग तिकडेच चालतात. नाव आमचं, वस्ती त्यांची. तेव्हा या दोन शब्दांची गल्लत करू नका. आमच्याकडे एक आहे आणि दुसऱ्याची वाट पाहतो आहोत.

उत्तर (नांदेड)

रीब्रँडिंगसाठी कुणी 'नामांतर' सुचवण्याआधीच लिहितो. तो शब्द यासाठी वापरू नये. मराठवाड्यात त्या शब्दामागं 1978 च्या विधिमंडळ ठरावापासून 14 जानेवारी 1994 पर्यंतचा काळ उभा आहे. माणसं मारली गेली, घरं जाळली गेली, आणि अखेर 'नामविस्तार' हा शब्द योजून मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दिलं गेलं. तो लढा माणूस म्हणून मिळायच्या बरोबरीचा होता. पर्यटक यावेत, भांडवल यावं म्हणून केलेल्या जाहिरातीला तोच शब्द लावला, तर ज्यांनी सोसलं त्यांचा शब्द आपण हिरावून घेतो. 'ब्रँडिंग' म्हणायचं असेल तर सरळ ब्रँडिंग म्हणा, रोजच्या बोलण्यात ते रुळलं आहे.

मराठी शब्दच हवा असेल तर 'लौकिक' आहे की! लौकिक मिळतो, वाढतो, जातो. तो लोकांकडूनच येतो, नावातच लोक आहेत. 'जालना सोने का पालना' किंवा 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही वाक्यं काही कुठल्या एजन्सीनं लिहून दिलेली नाहीत.

उत्तर (लातूर, मोंढ्यात अडत दुकान)

लौकिक पटला. आमचंच बघा. दाळ, तेल आणि भुसार मालाचं हे गाव, 'लातूर पॅटर्न' म्हणून बारावीच्या निकालानं ओळखलं जाऊ लागलं. बोधचिन्ह नाही, घोषवाक्य नाही. खोल्या भाड्यानं गेल्या, खानावळी निघाल्या, बाहेरगावची लेकरं आली. पेठ वसली म्हणायची ती अशी. मग 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली आणि बाहेरच्या लोकांसाठी काही वर्षं तीच आमची ओळख झाली. लौकिक पुसायला एक उन्हाळा पुरतो.

एक सांगायचं राहिलं. वर्तमानपत्रात 'ऊर्जितावस्था' असा शब्द येतो: हातमागाला ऊर्जितावस्था, बाजारपेठेला ऊर्जितावस्था. अर्थ बरोबर आहे, पण तो शब्द मी दुकानात हमालापासून सेठपर्यंत कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. ते म्हणतात 'रया गेली' आणि 'रया आली'.

मूळ प्रश्नकर्ती (अंबाजोगाई)

सगळ्यांचे मनापासून आभार. फळ्यावर लिहिणार आहे: रीजनरेशन म्हणजे 'पुन्हा वसवणे', जुना शब्द 'आबादानी'. रीब्रँडिंग म्हणजे 'नवा लौकिक घडवणे'. 'बेचिराख'ची गोष्ट मुलांना तलाठी काकांच्या शब्दांत जशीच्या तशी वाचून दाखवीन, मारुतीच्या ओट्यासकट.

आता दुसरा प्रश्न. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मधले पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली लेकरं. गाव बेचिराख नाही, दिवे लागतात. पण आबादही म्हणवत नाही. या अवस्थेला धारूर, वडवणी, केज, पाटोदा भागात काही खास शब्द आहे का? 'गाव मोकळं झालं' एवढं मी ऐकलं आहे. आणखी कुणी काही ऐकलं असेल, तर वाक्यासकट लिहा.